पर्मियन कल्पाचे खडक : वर्धेच्या खोऱ्यातून जगाकडे



या पाठात आपण पर्मियन कल्पातील खडकांची ओळख करून घेणार आहोत. आजपासून २९.८९ कोटी ते २५.१९ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे साधारण ४.७ कोटी वर्षांचा हा काळ. पुराजीव महाकल्पातला हा शेवटचा कल्प. या काळात पृथ्वीवरचे बहुतेक सर्व भूभाग एकत्र येऊन पँजिया नावाचे एकच महाखंड झाले होते. कल्पाची सुरुवात हिमयुगात झाली आणि शेवट सजीवसृष्टीच्या सर्वांत मोठ्या संहाराने झाला.

क्रमिक पुस्तकांत हा विषय बहुधा रशिया, जर्मनी आणि टेक्सास इथल्या उदाहरणांनी शिकवला जातो. ती उदाहरणे आपणही पाहू. पण मराठी विद्यार्थ्याला पर्मियन समजून घ्यायला चंद्रपूर, वणी, कामठी ही गावे जास्त जवळची आहेत. तिथे हे खडक जमिनीवर उघडे दिसतात, खाणीत दिसतात आणि त्यांतला कोळसा आपल्या विजेच्या तारांपर्यंत पोचतो.

पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत :

१) काळाचे नाव आणि खडकाचे नाव यांतला फरक.
२) जगात पर्मियन खडक कुठे व कोणत्या प्रकारचे आहेत.
३) वर्धा खोऱ्यातील पर्मियन थरांचा क्रम आणि प्रत्येक थरावरून कळणारे हवामान.
४) बोअरहोलचा लॉग वाचताना या ज्ञानाचा उपयोग.

१. आधी एक फरक : काळ वेगळा, खडक वेगळा

विद्यार्थ्यांचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून हे आधी पक्के करू. ‘पर्मियन’ हे काळाचे नाव आहे. ‘बाराकर’, ‘कामठी’, ‘तालचेर’ ही खडकांच्या थरांची, म्हणजे शैलसमूहांची नावे आहेत.

समजा, १९६० ते १९७० हे एक दशक घ्या. या दशकात मुंबईत काँक्रीटची इमारत उभी राहिली, कोकणात जांभ्या दगडाचे घर बांधले गेले आणि मराठवाड्यात मातीच्या भेंड्यांचे घर झाले. तिन्ही बांधकामे एकाच काळातली, पण साहित्य पूर्ण वेगळे. आता समजा, एखाद्या मंदिराचे काम १९५८ मध्ये सुरू झाले आणि १९६३ मध्ये संपले. त्याला दशकाच्या सीमेचे काय? बांधकाम सीमा ओलांडून चालूच राहते.

पर्मियन खडकांचे अगदी असेच आहे. एकाच काळात टेक्सासमध्ये समुद्रात चुनखडकाचे प्रवाळखडकासारखे उंचवटे तयार होत होते, जर्मनीत मीठ साचत होते आणि चंद्रपूरच्या परिसरात दलदलीत झाडे गाडली जात होती. साहित्य वेगळे, काळ एक. तसेच आपल्याकडचा सर्वांत खालचा तालचेर शैलसमूह काही ठिकाणी पर्मियनच्या थोडा आधी, कार्बनी कल्पाच्या अखेरीस सुरू झाला असावा असे मानतात. आणि सर्वांत वरच्या कामठी शैलसमूहाचा वरचा भाग पर्मियन ओलांडून पुढच्या ट्रायासिक कल्पात जातो. म्हणून ‘कामठी म्हणजे पर्मियन’ असे समीकरण लिहू नका. ‘कामठी शैलसमूहाचा खालचा भाग पर्मियनच्या उत्तरार्धातील आहे’ हे विधान बरोबर.

२. नाव कसे पडले, सीमा कशा ठरल्या

स्कॉटिश भूवैज्ञानिक रॉडरिक मर्चिसन यांनी १८४० आणि १८४१ मध्ये रशियाचा दौरा केला. उरल पर्वताच्या पश्चिमेस पर्म या प्रांतात त्यांना चुनखडक, जिप्सम, मीठ आणि तांबड्या वालुकाश्माचे प्रचंड जाड थर आढळले. ते कार्बनी थरांच्या वर होते आणि त्यांतले जीवाश्म वेगळे होते. त्यावरून १८४१ मध्ये त्यांनी ‘पर्मियन’ हे नाव सुचवले.

आज या कल्पाचे तीन भाग मानतात :

पूर्व पर्मियन, म्हणजे सिसयुरॅलियन : २९.८९ ते सुमारे २७.३ कोटी वर्षांपूर्वी. नाव उरल पर्वतावरून.
मध्य पर्मियन, म्हणजे ग्वाडालुपियन : सुमारे २७.३ ते २५.९५ कोटी वर्षांपूर्वी. नाव टेक्सासमधील ग्वाडालुपे डोंगरांवरून.
उत्तर पर्मियन, म्हणजे लोपिंगियन : सुमारे २५.९५ ते २५.१९ कोटी वर्षांपूर्वी. नाव चीनमधील लेपिंग या ठिकाणावरून.

कल्पाची सुरुवात नेमकी कुठून मोजायची, यासाठी जगात एकच प्रमाण ठिकाण निश्चित केलेले असते. खडकाच्या त्या थरात जणू एक सोन्याचा खिळा ठोकलेला आहे, असे भूवैज्ञानिक म्हणतात. पर्मियनच्या तळाचा खिळा कझाकस्तानातील आयदारालाश ओढ्याच्या काठी आहे. तो १९९६ मध्ये मान्य झाला. ट्रायासिकच्या तळाचा, म्हणजेच पर्मियनच्या माथ्याचा खिळा चीनच्या झेजियांग प्रांतातील मेईशान येथे आहे. तो २००१ मध्ये मान्य झाला. दोन्ही ठिकाणी सीमा ठरते ती कोनोडॉन्ट या सागरी प्राण्याच्या दातांसारख्या सूक्ष्म जीवाश्मांवरून. विशिष्ट जातीचा कोनोडॉन्ट ज्या थरात पहिल्यांदा दिसतो, तिथे सीमा.

इथे एक अडचण लक्षात घ्या. कोनोडॉन्ट समुद्रात राहत. वर्धा खोऱ्यातले थर नद्या, तळी आणि दलदलीतले आहेत. मग तिथे सीमा शोधायची कशी? या प्रश्नाचे उत्तर आपण विभाग ५ मध्ये पाहू.

३. जगातील पर्मियन खडक

पर्म आणि उरल : येथे चुनखडक आणि मीठ यांचे थर आहेत. सोलिकाम्स्क आणि बेरेझ्निकी या गावांजवळ पोटॅशचे मोठे साठे पर्मियन थरांत आहेत. मिठाचा थर कोरडा असेपर्यंत मजबूत वाटतो; गोडे पाणी शिरले की विरघळतो. बेरेझ्निकीची एक खाण २००६ मध्ये पाण्याने भरली आणि नंतर शहराच्या परिसरात जमीन खचून प्रचंड खड्डे पडले. मिठाच्या खडकावर बांधकाम करणाऱ्याने हे उदाहरण विसरू नये.

जर्मनी, नेदरलँड्स व उत्तर समुद्र : इथे खाली तांबडा वालुकाश्म आहे. त्याला जर्मन खाणकामगार ‘रोटलीगेंड’ म्हणत. म्हणजे तांबडा तळ. वर ‘त्सेखस्टाइन’ हा चुनखडक व मिठाचा थर. या दोघांच्या सीमेजवळ तांब्याने समृद्ध काळ्या शेलचा पातळ थर आहे. जर्मनी आणि पोलंडमध्ये त्यातून तांबे काढले गेले. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन हे मोठे वायुक्षेत्र १९५९ मध्ये सापडले. तिथे वायू रोटलीगेंडच्या सच्छिद्र वालुकाश्मात आहे आणि वरचा मिठाचा थर घट्ट झाकणासारखा बसला आहे. खाली सच्छिद्र खडक आणि वर अभेद्य खडक हा क्रम पाठ करा. भूजल असो वा वायू, साठवणीचे तत्त्व तेच. ग्रोनिंगनमधून वायू काढल्यावर वालुकाश्म दाबला गेला आणि भूकंपाचे धक्के बसू लागले, हेही त्याच थराचे वर्तन.

टेक्सास व न्यू मेक्सिको : येथे उष्ण, उथळ समुद्र होता. स्पंज, शैवाल व इतर जीवांनी बांधलेला कॅपिटन चुनखडक ग्वाडालुपे डोंगरात कड्याच्या रूपाने उभा आहे. शेजारच्या खोलगट भागातील गाळात तेल तयार झाले. ‘पर्मियन बेसिन’ हे अमेरिकेचे प्रसिद्ध तेलक्षेत्र तेच.

दक्षिण चीन : येथे सागरी चुनखडकांचा सलग क्रम आहे आणि अधूनमधून ज्वालामुखीच्या राखेचे पातळ थर आहेत. त्या राखेतील झिर्कॉनच्या कणांवरून वय मोजता येते. म्हणूनच कल्पाच्या अखेरीची अचूक कालगणना मेईशानवर अवलंबून आहे.

दक्षिणेकडील खंड : दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि भारत. या पाचही ठिकाणी एक विलक्षण साम्य दिसते : खाली हिमनदीने आणलेला दगडगोट्यांचा थर, त्यावर कोळसा आणि त्यात ग्लॉसोप्टेरिस या झाडाची जिभेसारखी पाने. १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट यांचा चमू दक्षिण ध्रुवाहून परतताना मरण पावला. त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो खडकांचे नमुने सापडले आणि त्यांत ग्लॉसोप्टेरिसचे जीवाश्म होते. आज हजारो किलोमीटर समुद्राने वेगळ्या झालेल्या भूभागांवर एकच झाड कसे? कारण तेव्हा ते भूभाग एकमेकांना जोडलेले होते. या जोडलेल्या भूमीला एडुआर्ट झ्यूस यांनी १८८५ मध्ये ‘गोंडवनाभूमी’ म्हटले. हे नाव त्यांनी भारतातील खडकांवरून घेतले. मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून मेडलिकॉट यांनी ‘गोंडवन’ हे नाव आधीच वापरले होते आणि ओटोकार फाइस्टमांटेल यांनी १८७६ मध्ये ते छापून प्रसिद्ध केले होते. म्हणजे जगाच्या भूगोलातील हा शब्द आपल्याच भागातून गेलेला आहे.

४. वर्धा खोऱ्यातील थर : खालून वर

भारतात गोंडवनी खडक सगळीकडे पसरलेले नाहीत. ते दामोदर, सोन, महानदी, सातपुडा आणि वर्धा–प्राणहिता–गोदावरी अशा पट्ट्यांत आढळतात. या पट्ट्यांत जमीन प्रस्तरभंगांच्या बाजूने खचत गेली, खचदऱ्या तयार झाल्या आणि त्यांत गाळ साचत गेला. आजूबाजूची उंच जमीन झिजून गेली. खचलेल्या भागातला गाळ मात्र टिकला. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांत हे खडक आहेत. स्तरविज्ञानाचा पहिला नियम असा की खालचा थर जुना, वरचा नवा. म्हणून आपण तळापासून सुरुवात करू.

(अ) तालचेर शैलसमूह : हिमयुगाची साक्ष

सर्वांत खाली दगडगोट्यांचा थर आहे. मातीसारख्या बारीक गाळात बोराएवढ्या खड्यांपासून मोठ्या धोंड्यांपर्यंत सर्व आकार एकत्र मिसळलेले. इथे थांबून विचार करा. नदी दगड वाहून आणते तेव्हा ती आकारानुसार निवड करते : वेग कमी होताच आधी मोठे दगड टाकते, मग वाळू, शेवटी गाळ. धोंडा आणि गाळ एकाच जागी टाकणारे एक महत्त्वाचे वाहन म्हणजे बर्फ. बर्फ निवड करत नाही. वितळले की असेल ते सगळे तिथेच टाकते.

ओडिशातील तालचेर येथे ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी १८५६ मध्ये हा थर पाहून तो बर्फाने आणला असावा असे मांडले. उष्ण कटिबंधातल्या भारतात बर्फाने गाळ आणला, हे तेव्हा पटणे कठीण होते. भक्कम पुरावा पुढे आपल्या चंद्रपूरजवळ मिळाला. चंद्रपूरच्या नैर्ऋत्येस पैनगंगेच्या पात्रात इरई गावाजवळ फेडन यांना १८७२ च्या सुमारास धोंड्यांवर ओरखडे दिसले. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे, धोंड्यांच्या खाली असलेल्या जुन्या चुनखडकाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर लांब, समांतर चरे होते. सुटा धोंडा दुसरीकडून ओरखडे घेऊन येऊ शकतो; तळाचा खडक मात्र जागचा हलत नाही. त्याच्यावर समांतर चरे आहेत याचा अर्थ दगड धरून ठेवलेले जड बर्फ त्याच जागेवरून सरकत गेले.

दगडगोट्यांच्या थरावर हिरवट रंगाचे शेल व बारीक वालुकाश्म येतात. हा शेल उन्हापावसात सुईसारख्या तुकड्यांत फुटतो. तालचेर वालुकाश्मात फेल्स्पार या खनिजाचे कण ताजे, न कुजलेले सापडतात. उष्ण व ओल्या हवेत फेल्स्पारची माती होते. ते ताजे राहिले म्हणजे हवा थंड होती.

(आ) बाराकर शैलसमूह : कोळशाचे घर

बर्फ ओसरले, हवा सौम्य झाली. पांढरट, भरड वालुकाश्म, त्यावर करडा शेल, त्यावर कोळसा आणि पुन्हा वालुकाश्म अशी आवर्तने बाराकरमध्ये दिसतात. वालुकाश्म म्हणजे नदीचे पात्र, शेल म्हणजे पुराचे मैदान आणि कोळसा म्हणजे दलदल. नदीने पात्र बदलले की तेच चक्र नव्याने सुरू. वर्धा खोऱ्यात कोळशाचा मुख्य थर काही ठिकाणी १५ मीटरांहूनही जाड आहे. वणी, घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, चंद्रपूर इथल्या खाणी याच थरावर चालतात.

आपल्या कोळशात राख जास्त असते. वीजनिर्मितीच्या कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के. याचे मूळही थरांच्या जन्मात आहे. पानेफांद्या साचत असताना पुराचे पाणी वारंवार गाळ आणून त्यात मिसळत राहिले. समुद्राचे पाणी मात्र क्वचितच आले, म्हणून गंधकाचे प्रमाण कमी, बहुधा एक टक्क्याच्या आत. वीजकेंद्राच्या आवारात राखेचा डोंगर का साचतो, या प्रश्नाचे निम्मे उत्तर पर्मियन नद्यांकडे आहे.

(इ) मोतूर शैलसमूह : नागपूर–कामठी भागात बाराकरच्या वर रंगीबेरंगी माती व वालुकाश्मांचा, कोळसा नसलेला थर येतो. दलदली आटत चालल्याची ही खूण.

(ई) कामठी शैलसमूह : सर्वांत वर तांबूस, पिवळसर वालुकाश्म, मध्ये लोहयुक्त कठीण पट्टे आणि तांबडी माती. तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. पाणी खाली उतरून गाळाला हवा लागत होती, म्हणजे ओले व कोरडे ऋतू आलटून पालटून येत होते. नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी कामठी आणि सिलेवाडा इथल्या दगडखाणींतून पानांचे जीवाश्म गोळा केले. चार्ल्स बन्बरी यांनी १८६१ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, तेच हे. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथे सापडलेल्या उभयचर प्राण्याच्या कवटीला रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स हे नाव दिले. मांगलीचे ते थर ट्रायासिकमध्ये मोजतात. म्हणजे कामठीच्या माथ्याकडे जाताना आपण पर्मियन ओलांडून गेलेलो असतो.

या सगळ्यावर वर्धा खोऱ्याच्या पश्चिम भागात लमेटा थर आणि त्यावर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा काळा पाषाण आहे. मधल्या प्रदीर्घ काळाचा बराच भाग तिथे खडकाच्या रूपात नोंदलेलाच नाही. अशा तुटलेल्या नोंदीला विसंगती म्हणतात.

परीक्षेत हमखास चुकणारी गोष्ट : तालचेर कोळसाक्षेत्रातला कोळसा तालचेर शैलसमूहात नाही आणि कामठी कोळसाक्षेत्रातला कोळसा कामठी शैलसमूहात नाही. शैलसमूहाचे नाव तो पहिल्यांदा जिथे अभ्यासला गेला त्या गावाचे असते. त्या गावाखाली दुसरेही शैलसमूह असतात. कामठीचा कोळसा खालच्या बाराकरमध्ये आहे.

५. जमिनीवरचे थर समुद्राच्या कालगणनेशी कसे जुळवतात?

विभाग २ मधला प्रश्न आता घेऊ. जुळवणीचे मुख्य मार्ग चार.

पहिला, परागकण व बीजाणू. ते वाऱ्याने उडून तळ्यातही पडतात आणि समुद्रातही. तालचेर, बाराकर आणि वरचे थर यांतले परागकणांचे समुदाय वेगवेगळे आहेत. कोळशाचा तुकडा आम्लात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की तो कोणत्या थरातला हे सांगता येते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेने या विषयात दीर्घकाळ काम केले आहे.

दुसरा, समुद्राची तुरळक चढाई. बर्फ वितळल्यावर समुद्राची पातळी वाढली आणि त्याचे फाटे मध्य भारतापर्यंत आले. मध्य प्रदेशातील उमरिया आणि छत्तीसगडमधील मनेंद्रगड येथे तालचेर थरांलगत सागरी शिंपल्यांचे जीवाश्म मिळतात. असे थर म्हणजे जमीन आणि समुद्र यांच्या दोन वह्यांतले समान पान.

तिसरा, खडकातील चुंबकत्व. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटते. उत्तर कार्बनीपासून मध्य पर्मियनपर्यंत सुमारे पाच कोटी वर्षे ते जवळजवळ सतत उलटेच होते. ही स्थिती संपल्याची खूण जगभरच्या खडकांत एकाच काळी दिसते.

चौथा, राखेतील झिर्कॉन. त्यातील युरेनियमचे शिशात रूपांतर किती झाले यावरून थेट वय मिळते.

एकाच मार्गावर विसंबू नका. दोन स्वतंत्र मार्गांनी एकच उत्तर आले, तर ते धरावे.

भारतात सागरी पर्मियन थर पाहायचे तर हिमालयात जावे लागते. स्पितीमध्ये काळे सागरी शेल आहेत. काश्मीरमध्ये सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीचे पंजाल लाव्हाथर आहेत आणि श्रीनगरजवळील गुरयूल दरीत पर्मियन–ट्रायासिक सीमेचा सागरी क्रम उघडा आहे.

६. आनेकलमध्ये पर्मियन खडक का नाहीत?

मी बंगळूरजवळच्या आनेकलला शिकवतो. इथे पायासाठी खणले की लालसर माती, मग पांढरट, कुजका मुरूम आणि खाली टणक नाइस व ग्रॅनाइट लागतो. हा खडक २५० कोटी वर्षांहून जुना आहे. लालबागमधला प्रसिद्ध खडक याच कुळातला. खडक संपला की थेट आजची माती. मध्ये पर्मियन तर नाहीच, दख्खनचा पाषाणही नाही.

याची दोन कारणे संभवतात : गाळ साचलाच नाही, किंवा साचून झिजून गेला. इथे वर्धेसारखी खचदरी नव्हती, त्यामुळे साचलेला गाळ टिकवून ठेवणारी जागाच नव्हती. म्हणजे ‘पर्मियन खडक नाहीत’ याचा अर्थ ‘पर्मियन काळात इथे काही घडले नाही’ असा होत नाही. तेव्हाही इथे जमीन होती आणि ती झिजत होती. झिजणाऱ्या जमिनीची वही कोरी राहते; गाळ साचणाऱ्या जमिनीची भरते.

आनेकलच्या मुरमाचा मात्र या पाठात एक उपयोग आहे. त्यातला पांढरट, बोटाने चुरगळणारा भाग म्हणजे उष्ण व ओल्या हवेत माती झालेला फेल्स्पार. तो हातात घ्या आणि तालचेरमधला ताजा फेल्स्पार आठवा. एकाच खनिजाच्या दोन अवस्था दोन हवामाने सांगतात.

शिवाय पर्मियन इथे दुसऱ्या वाटेने येतोच. कर्नाटकातील रायचूरच्या औष्णिक वीजकेंद्रात सिंगरेणी आणि वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींचाही कोळसा जळतो. सिंगरेणीचा पट्टा म्हणजे वर्धा खोऱ्याचीच गोदावरीकडे गेलेली पुढची कडी.

७. बोअरहोलचा लॉग वाचताना

आता मुख्य उपयोग. समजा, वर्धा खोऱ्यात कोळशासाठी बोअर चालू आहे. प्रत्येक मीटरला पैसा जातो. कधी थांबायचे आणि कधी पुढे जायचे, हे थरांची ओळखच सांगते.

वर काळा पाषाण लागला : थांबू नका. खाली गोंडवनी थर असू शकतात.
तांबूस कामठी वालुकाश्म लागला : कोळसा अजून खाली आहे. पण कामठी बसण्यापूर्वी बाराकरचा वरचा भाग झिजून गेलेला असू शकतो, म्हणून कोळसा मिळेलच असे गृहीत धरू नका.
पांढरट वालुकाश्म, करडा शेल, कोळसा : हा बाराकर. प्रत्येक थराची खोली व जाडी काळजीपूर्वक नोंदवा.
हिरवा सुईसारखा शेल किंवा दगडगोट्यांचा थर : हा तालचेर, म्हणजे कोळशाचा तळ ओलांडला. पुढे खणण्यात अर्थ नाही.

ओळख चुकली तर नुकसान फक्त पैशाचे होत नाही. कामठी वालुकाश्म सच्छिद्र असून त्यात भरपूर भूजल असते; चंद्रपूर जिल्ह्यातील चांगल्या विहिरी आणि नलिकाकूप याच थरात आहेत. भूमिगत खाणीत कोळशाचे खांब काढल्यावर छत खाली बसते आणि भेगा वर जातात. त्या भेगा पाण्याने भरलेल्या थराला जाऊन मिळाल्या, तर खाणीत पाणी घुसते आणि वरच्या गावाच्या विहिरी आटतात. खाली काम करणाऱ्या माणसाचा जीव आणि वर राहणाऱ्याचे पाणी, दोन्ही एकाच उभ्या छेदात असतात. म्हणून कोळसा व कामठी यांच्यामध्ये किती जाडीचा, किती घट्ट खडक शिल्लक आहे, हा आकडा लॉगमधला सर्वांत महत्त्वाचा आकडा समजा.

पायाच्या कामातही हेच. तालचेरच्या दगडगोट्यांच्या थरात बोअर एखाद्या मोठ्या धोंड्यावर अडकला तर ‘टणक खडक लागला’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. शेजारी दोन मीटरवर मऊ गाळ असतो. अशा ठिकाणी एका बोअरवर निर्णय घेऊ नका. आणि तालचेर शेल खणून उघडा ठेवला तर तो लवकर फुटतो. पाया घालायचा असेल तर तो लगेच झाका.

८. कल्पाचा शेवट

सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी सायबेरियात लाव्हाचे प्रचंड उद्रेक झाले. आपल्या दख्खनच्या पाषाणासारखाच तो प्रकार, पण तिथला लाव्हा वर येताना कोळसा, चुनखडक आणि मिठाच्या जाड थरांतून आला. तापलेल्या थरांतून कार्बन डायऑक्साइड व इतर वायू बाहेर पडले. सायबेरियाच्या त्या खडकांत जळलेल्या कोळशाचे अवशेष संशोधकांना मिळाले आहेत. समुद्राचे तापमान सुमारे ८ ते १० अंशांनी वाढले, पाण्यातला ऑक्सिजन घटला, आम्लता वाढली. सागरी प्रजातींपैकी ८० टक्क्यांहून अधिक नष्ट झाल्या. मेईशानच्या राखेवरून असे दिसते की तिथला मुख्य संहार सुमारे ६० हजार वर्षांत आटोपला. ४.७ कोटी वर्षांच्या कल्पात हा कालावधी म्हणजे डोळ्याची पापणी लवावी तसा.

जमिनीवर ग्लॉसोप्टेरिसची जंगले संपली. त्यानंतरच्या पूर्व ट्रायासिक काळात जगात कुठेही कोळशाचा थर सापडत नाही. दलदलीत कोळसा बनवणारी झाडेच उरली नव्हती. बंगालमध्ये कोळसा असलेल्या राणीगंज शैलसमूहावर कोळसा नसलेला पंचेत शैलसमूह येतो, तो हाच बदल.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॉट आहे. तिथे जळणारा कार्बन त्या दलदलींनी हवेतून काढून लाखो वर्षांत जमिनीत ठेवला होता. तो परत हवेत सोडण्याचा वेग आपण ठरवतो. सायबेरियात हे काम लाव्हाने केले. दोन्हींचे प्रमाण आणि परिस्थिती सारखी नाही, हे लक्षात ठेवून तुलना करा. पण खडकातली नोंद डोळ्याआड करू नका. उद्या तुमच्यापैकी कोणी खाणीचा आराखडा काढेल, कोणी राखेच्या विटा बनवेल, कोणी सौरऊर्जेचे काम करेल. तिघांनाही ही नोंद लागेल.

थोडक्यात

१) पर्मियन हा काळ आहे, तालचेर, बाराकर, कामठी हे खडक आहेत. त्यांच्या सीमा जुळतीलच असे नाही.
२) वर्धा खोऱ्यात खालून वर : बर्फ, दलदल, कोरडी होत जाणारी मैदाने.
३) कोळसा बाराकरमध्ये, तालचेर हा त्याचा तळ, कामठी हे पाणी धरून ठेवणारे छप्पर.
४) जमिनीवरील व सागरी थरांची जुळवणी परागकण, सागरी थर, चुंबकत्व व झिर्कॉन यांनी करतात.

सरावासाठी प्रश्न

१) इरई येथे धोंड्यांवरील ओरखड्यांपेक्षा तळाच्या चुनखडकावरील चरे अधिक भक्कम पुरावा का ठरतात?
२) एका बोअरमध्ये ० ते १२ मीटर काळी माती, १२ ते ९० मीटर तांबूस वालुकाश्म, ९० ते १४० मीटर पांढरट वालुकाश्म व करडा शेल, १४० ते १५५ मीटर कोळसा, १५५ ते १७० मीटर भरड वालुकाश्म आणि त्याखाली हिरवा शेल लागला. शैलसमूह ओळखा. बोअर कुठे थांबवाल? भूमिगत खाणीत पाण्याचा धोका तपासण्यासाठी कोणत्या दोन खोलींमधले अंतर पाहाल?
३) तुमच्या गावाच्या परिसरात पर्मियन थर नसतील, तर ‘साचले नाहीत’ आणि ‘झिजून गेले’ यांपैकी कोणते कारण अधिक संभवते? त्यासाठी कोणता पुरावा शोधाल?